पाण्याचा चोख हिशेब

लोखंडाचा बोटभर लांबीचा खिळा पाण्यात टाकला की तो क्षणार्धात तळ गाठतो. आणि त्याच लोखंडाची, हजारो टन वजनाची आगबोट मुरगावच्या बंदरात निवांतपणे उभी असलेली आपण पाहतो. वाळूचा कण बुडतो, पण चार माणसांना न उचलणारा सागवानाचा ओंडका तरंगत वाहून जातो. वर्गात मुलांना याचे कारण विचारले, तर ‘जड वस्तू बुडते आणि हलकी वस्तू तरंगते’ असे ठरलेले उत्तर मिळते. मोठ्या माणसांचे उत्तरही बहुधा याहून वेगळे नसते. परंतु खिळा आणि आगबोट, वाळू आणि ओंडका ही दोन उदाहरणे समोर ठेवली, की हे उत्तर डळमळू लागते.

वस्तू किती जड आहे एवढ्यावरच जर तिचे तरंगणे अवलंबून नाही, तर ते कशावर अवलंबून आहे? हा प्रश्न वरवर पाहता शाळेच्या पुस्तकातला वाटतो. पण ज्याला कधी नदी ओलांडावी लागते, ज्याची मुले सहलीला जाऊन तलावात नौकाविहार करतात, त्या प्रत्येकाच्या जिवाशी या प्रश्नाचा संबंध आहे. म्हणून आज त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

विहिरीवरून पाणी शेंदण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. घागर पाण्यात पूर्ण भरते, आपण दोर ओढू लागतो, आणि घागर जोवर पाण्याच्या आत असते तोवर ती हलकी लागते. तिचा तळ पाण्याबाहेर पडला रे पडला, की दोर हाताला काचू लागतो आणि खांदे भरून येतात. घागर तीच, पाणीही तेवढेच. मग इतका वेळ त्या घागरीचे ओझे आपल्यासोबत कोण उचलत होते? उत्तर सरळ आहे. विहिरीतील पाणीच ते उचलत होते.

पाणी वस्तूला वर उचलते हे एकदा मान्य केले, की ते किती उचलते, हा पुढला प्रश्न येतो. तो सोडविण्यासाठी एक कल्पना करू. विहिरीच्या संथ पाण्यात, मध्यावर, एक लिटर पाण्याचा एक गोळा आपण मनाने वेगळा काढला आहे असे समजा. हा गोळा खाली जात नाही आणि वरही येत नाही. तो आहे तेथेच स्थिर आहे. पण त्याला वजन तर आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. मग तो खाली का जात नाही? कारण भोवतालचे पाणी त्याला बरोबर एक किलोचा आधार देऊन तोलून धरते. आता तो पाण्याचा गोळा काढून त्याच जागी, त्याच आकाराचा दगड ठेवा. भोवतालच्या पाण्याला आपल्या कुशीत पाणी आहे की दगड आहे, याची काहीच खबर नसते. ते पूर्वीप्रमाणेच एक किलोचा आधार देत राहते. दगड अडीच किलोचा असेल, तर त्यातील एक किलो पाणी उचलील आणि उरलेला दीड किलो दगडाला तळाशी नेईल. त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा पाऊण किलोचा असेल, तर पाण्याचा आधार त्याच्या वजनाहून जास्त ठरेल आणि ठोकळा वर ढकलला जाईल.

हाच तो प्रसिद्ध नियम. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर उचलते. शास्त्रीय भाषेत त्याला प्लावक बल म्हणतात. पाण्याचा हा हिशेब फार चोख असतो. त्यात उधारी नाही, सूट नाही आणि भीडही नाही.

हे बल निर्माण कसे होते, तेही पाहू. पाण्यात जसजसे खोल जावे तसतसा पाण्याचा दाब वाढतो, कारण वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर येतो. प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटर असलेला एक चौकोनी ठोकळा पाण्यात असा बुडवा, की त्याचा माथा पृष्ठभागाखाली दहा सेंटिमीटरवर आणि तळ वीस सेंटिमीटरवर असेल. माथ्यावर पाणी एक किलोच्या भाराने खाली दाबते. तळावर ते दोन किलोच्या भाराने वर ढकलते. दोहोंतील अंतर एक किलो. आणि त्या ठोकळ्याने बाजूला सारलेले पाणीही बरोबर एक लिटर, म्हणजे एक किलोच. उजव्या-डाव्या बाजूंचे दाब एकमेकांना तोलतात. पण खालचा दाब नेहमीच वरच्याला भारी पडतो. ही तफावत म्हणजेच प्लावक बल.

हा नियम शोधून काढला तो आर्किमिडीज याने. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावरच्या सिराक्यूस या नगरात हा गणिती होऊन गेला. राजाच्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली आहे का हे शोधण्याचे काम त्याच्यावर आले, स्नानाच्या टाकीत उतरताना त्याला युक्ती सुचली, आणि आनंदाच्या भरात तो तसाच रस्त्यातून धावत सुटला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती लिहून ठेवली ती आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी होऊन गेलेल्या व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने. गोष्टीतील युक्ती अशी की, एक किलो सोने साधारण 52 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते, तर एक किलो चांदी 95 घन सेंटिमीटर. म्हणजे भेसळीचा मुकुट शुद्ध सोन्याच्या मुकुटापेक्षा अधिक पाणी सांडणार. परंतु सांडलेले पाणी इतके बारकाईने मोजणे कठीण. म्हणून 1586 साली तरुण गॅलिलिओने असे सुचविले, की आर्किमिडीजने मुकुट पाण्यात बुडवून तराजूवरच तोलला असावा. रस्त्यातील धावण्याची गोष्ट खरी असो वा नसो, तरंगणाऱ्या वस्तूंवर आर्किमिडीजने लिहिलेला ग्रंथ मात्र आजही उपलब्ध आहे, आणि त्यातील सिद्धान्तांवर जगातील प्रत्येक जहाज तरंगत आहे.

आता या नियमाच्या आधारे आपल्या स्वयंपाकघरात थोडे डोकावू. सालीसकट संत्रे पाण्यात टाका, ते तरंगते. सोलून टाका, ते बुडते. साल काढल्याने संत्रे हलके झाले आणि तरीही बुडाले! कारण त्या भुसभुशीत सालीत हवा भरलेली असते. साल गेल्यावर वजन थोडे घटले, पण बाजूला सारले जाणारे पाणी त्याहून अधिक घटले. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते. त्याच पाण्यात मीठ विरघळवीत गेलो, की ते हळूहळू वर येते. अंडे बदलले नाही, पाणी जड झाले. बर्फ हे तर पाण्याचेच रूप. पण गोठताना पाणी फुगते, त्याच वजनाला अधिक जागा व्यापते, आणि म्हणून बर्फ तरंगतो. त्याच्या दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग पाण्याखाली असतात. सारांश, वस्तूचे नुसते वजन पाहून भागत नाही. त्या वजनाने किती जागा व्यापली आहे, म्हणजेच वस्तूची घनता किती आहे, हे पाहावे लागते.

मग खिळा आणि आगबोट यांचे कोडे आपोआप सुटते. एक किलो लोखंडाचा गोळा पाण्यात टाकला, तर तो जेमतेम 127 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. त्याला सव्वाशे ग्रॅमचा आधार मिळतो आणि तो बुडतो. त्याच लोखंडाचा पातळ पत्रा ठोकून त्याची खोलगट परात केली, तर ती आपल्या पोकळीसह कितीतरी लिटर पाणी बाजूला सारू शकते. आगबोट म्हणजे तत्त्वतः अशीच एक प्रचंड परात. तिच्या पोटात लोखंड थोडे आणि हवा फार.

पण येथेच एक सावधगिरीची गोष्ट आहे, आणि ती समजण्यासाठी घरातील एक वाटी पुरे. समजा, वाटीचे वजन 50 ग्रॅम आहे आणि काठापर्यंत बुडाली तर ती 150 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते. रिकामी असताना ती एक तृतीयांश बुडून तरंगेल. तिच्यात 50 ग्रॅम तांदूळ घाला; ती आणखी खाली जाईल, पण तरंगेल. 90 ग्रॅम घाला. तरीही ती तरंगेलच. पाहणाऱ्याला वाटेल, सर्व ठीक आहे. पण आता तिचा काठ पाण्यापासून अगदी केसभर अंतरावर आला आहे. बोटाने हलकीशी लाट उठवा, किंवा तांदूळ एका बाजूला सरकवा. पाणी आत शिरेल, वजन वाढेल, वाटी आणखी खाली जाईल, आणखी पाणी शिरेल, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती तळाशी दिसेल. ‘अजून तरंगते आहे ना’ हा पुरावा या बाबतीत किती फसवा आहे, ते ही वाटी आपल्याला शिकविते. भरलेल्या नावेची सुरक्षितता ती तरंगते की नाही यावरून ठरत नाही. तिचा काठ पाण्यापासून किती वर आहे, यावरून ठरते.

हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन गिरविला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जहाजमालक जुनाट जहाजांवर बेसुमार माल लादीत आणि त्यांचा भरभक्कम विमा उतरवीत. जहाज पोहोचले तर भाड्याचा नफा, बुडाले तर विम्याचा. बुडत होते ते खलाशी. अशा जहाजांना लोक ‘शवपेटीची जहाजे’ म्हणत. डर्बी शहराचा पार्लमेंट सभासद सॅम्युअल प्लिमसॉल याने याविरुद्ध मोहीम उघडली. 1873 साली त्याने खलाशांच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. 1875 साली त्यासंबंधीचे विधेयक मागे घेतले गेले तेव्हा त्याने भर सभागृहात संतापून सभासदांना खडे बोल सुनावले. अखेर 1876 च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. तरीही ती रेषा कोठे काढावयाची हे प्रथम मालकाच्याच मर्जीवर होते. ती जागा कायद्याने ठरविली गेली ती 1890 मध्ये. पुढे 1930 आणि 1966 साली त्यासंबंधी आंतरराष्ट्रीय करार झाले. आज कोणत्याही मोठ्या मालवाहू जहाजाच्या बाजूला, मध्यभागी आडवी रेषा असलेले एक वर्तुळ दिसते. ते प्लिमसॉलचे चिन्ह. माल भरताना पाणी या ठरवून दिलेल्या रेषेच्या वर चढता कामा नये, असा त्याचा अर्थ.

त्या वर्तुळाशेजारी शिडीसारख्या आणखी काही लहान रेषा असतात. त्यांतील एक उन्हाळ्यातील समुद्रासाठी, एक हिवाळ्यातील समुद्रासाठी, एक उष्ण कटिबंधासाठी आणि एक गोड्या पाण्यासाठी. गोड्या पाण्याची वेगळी रेषा कशाला? समुद्राचे एक घन मीटर पाणी साधारण 1025 किलो भरते, तर गोडे पाणी 1000 किलो. म्हणून आपले वजन तोलण्यासाठी जहाजाला गोड्या पाण्यात थोडे अधिक खोल बसावे लागते. दहा मीटर बुडालेले जहाज नदीतून समुद्रात आले, तर ते जवळजवळ पाव मीटर वर उचलले जाते. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून खनिजाने लादलेल्या बार्जेस अनेक दशके मुरगावकडे ये-जा करीत आल्या. नदीचे पाणी संपून समुद्राचे खारे पाणी लागले, की त्याही अशाच बोटभर वर येतात. दूध तपासण्याचे लॅक्टोमीटर हे याच तत्त्वावर चालते. निर्भेळ दुधात ते वर राहते आणि पाणी घातलेल्या दुधात खाली जाते. एका अर्थी समुद्रावरचे प्रत्येक जहाज हे एक अवाढव्य लॅक्टोमीटरच आहे.

परंतु वजन सांभाळले म्हणजे सर्व साधले, असे मात्र नाही. तरंगणे ही एक गोष्ट आणि सरळ उभे राहून तरंगणे ही दुसरी. स्वीडनच्या राजाने बांधविलेली ‘वासा’ ही भव्य युद्धनौका 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघाली, आणि जेमतेम तेराशे मीटर जाताच वाऱ्याच्या एका झुळकीने कलंडून बुडाली. तिचा वरचा भार तळाच्या मानाने फार होता. निघण्यापूर्वी तीस माणसांना तिच्या डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावावयास सांगून परीक्षा घेतली गेली होती. नौका इतकी डोलू लागली, की परीक्षाच मध्ये थांबवावी लागली. परीक्षेने इशारा दिला होता. तो कोणी मानला नाही. 1961 साली ती नौका समुद्रतळातून वर काढण्यात आली आणि आज ती तेथील संग्रहालयात आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावरील कोळ्याला हे तत्त्व पुस्तकावाचून ठाऊक आहे. अरुंद होडीला तो बाजूला लाकडाची उलांडी बांधतो, ती याचसाठी. होडी कलू लागली की ती उलांडी पाण्यात दबते आणि तिला पुन्हा सरळ करते.

माणसांनी भरलेल्या नावेत हा धोका अधिक, कारण माल जागेवर राहतो आणि माणसे घाबरली की धावतात. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. लाटेने बोट कलली आणि भयभीत उतारू एका बाजूला धावले, असे त्या अपघाताच्या वृत्तान्तांत येते. धावणाऱ्या माणसांबरोबर बोटीच्या भाराचे केंद्रही सरकते. म्हणून नाव हेलकावली असता आपल्या जागी, शक्य तो खाली बसून राहणे, हेच स्वतःचे आणि इतरांचेही रक्षण होय.

हे सर्व जुन्या काळचे, असे कोणी म्हणू नये. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तलाव समुद्राएवढा खोल नसतो. पण आर्किमिडीजचा नियम तेथेही तोच असतो. ‘दोन मुले आणखी बसली तर काय होणार आहे’ असे म्हणणाऱ्याने आपली ती तांदळाची वाटी आठवावी.

आता शेवटी माणसाच्या शरीराकडे येऊ. आपल्या देहाची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. छाती भरून श्वास घेतला, तर बहुतेक माणसे किंचित तरंगतात. श्वास पूर्ण सोडला, तर किंचित बुडतात. म्हणजे बुडणे आणि तरंगणे यांतील अंतर अवघे एक-दोन किलोंचे. पाण्यात पडलेला मनुष्य घाबरून दोन्ही हात वर करतो, ओरडतो, आणि हीच त्याची सर्वांत मोठी चूक ठरते. साठ किलोच्या माणसाचे दोन हात मिळून सुमारे सहा किलोंचे. ते पाण्यात असतात तोवर पाणी त्यांना तोलते. ते बाहेर काढले की त्यांचा सगळा भार उरलेल्या शरीरावर पडतो आणि डोके खाली जाते. ओरडताना छातीतील हवाही जाते. उलट मान मागे टाकून, कान पाण्यात बुडू देऊन, हात पाण्याखाली पसरून उताणे पडून राहिले आणि छाती भरलेली ठेवली, तर नाक-तोंड पाण्याबाहेर राहण्याइतका आधार पाणी आपणहून देते.

डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी जो जादा आधार लागतो, तो साधारण तीन ते पाच किलोंचा. जीवरक्षक जाकीट एवढेच काम करते आणि म्हणूनच ते हलके असूनही पुरेसे असते. पूर्वी विहिरीवर पोहायला शिकताना पाठीशी सुका भोपळा बांधीत, किंवा भोपळ्यांची सांगड करून नदी ओलांडीत. त्यामागचे तत्त्वही हेच. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपण निराशेच्या अर्थाने वापरतो. काडीने काही होणार नाही, हे खरे; पण झाकण घट्ट लावलेला दहा लिटरचा रिकामा डबा नऊ किलोंच्या वर भार तोलून धरतो. पोहता येत नसताना बुडणाऱ्याच्या मागे उडी घेऊन दोघांनीही बुडण्यापेक्षा, काठावर उभे राहून तसा एखादा डबा, कोरडी फळी किंवा दोर त्याच्याकडे फेकणे आणि मदतीला हाक मारणे, हे किती तरी शहाणपणाचे.

श्रोतेहो, पुढच्या वेळी आपण चोडण किंवा दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीत चढाल, किंवा आपल्या गावच्या तलावावर मुलांना घेऊन जाल, तेव्हा नावेच्या काठाकडे आणि पाण्याकडे एकदा पाहा. दोहोंमधील अंतर पुरेसे आहे का, जाकिटे आहेत का, आणि असल्यास ती अंगावर चढविली आहेत का, हे विचारण्यास संकोच करू नका. नावाडी हसला तर हसू द्या. अंतर कमी वाटले, तर मुलांचा हात धरून खाली उतरा आणि पुढच्या फेरीची वाट पाहा.